पात्र आणि पुरावा : आंरी म्वासाँ यांचे चरित्र

१

मराठीतील चरित्रलेखनाच्या मुळाशी संतचरित्र आहे. महीपतींच्या ग्रंथांमुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या या चरित्रप्रकारात सत्त्वपरीक्षेचा प्रसंग जवळजवळ अटळ असतो. भक्ताच्या वचनाविषयी संशय घेतला जातो, परीक्षक जमतात आणि नेमक्या त्या क्षणी चमत्कार घडून सत्याची ग्वाही मिळते. इंद्रायणीतून तरून आलेल्या तुकोबांच्या वह्यांची कथा हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिताना हीच घडण नकळत आपल्या लेखणीत उतरते. प्रयोगशाळा ही तपोभूमी होते, अपघात आणि दारिद्र्य या कसोट्या होतात, आणि शोधाचा क्षण हा साक्षात्कार ठरतो.

फ्ल्युओरीन हे मूलद्रव्य प्रथम मोकळे करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ (१८५२–१९०७) यांचे आयुष्य वरवर पाहता या घडणीला अगदी अनुकूल वाटते. गरिबी आहे, विषारी वायू आहेत, पूर्वसूरींचे बळी आहेत आणि शेवटी नोबेल पारितोषिकही आहे. परंतु जवळून पाहू लागलो की हा साचा मोडतो. म्वासाँ यांच्या आयुष्यात सत्त्वपरीक्षेचा प्रसंग आला, परीक्षक जमले, आणि चमत्कार घडला नाही. पुढे सात वर्षांच्या आत दुसरा एक चमत्कार घडला, साऱ्या जगाने त्यावर विश्वास ठेवला, आणि तो मात्र खरा ठरला नाही. एकाच माणसाच्या, एकाच प्रामाणिक हाताने केलेल्या या दोन कामांची गती इतकी भिन्न का झाली, हा या चरित्रातील खरा प्रश्न आहे. बंगळूर शहराशीही या चरित्राचा एक दूरचा, पण निश्चित धागा आहे. तो यथाक्रम पुढे येईलच.

२

म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पूर्व फ्रान्सच्या रेल्वे कंपनीत साध्या हुद्द्यावर होते. आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. १८६४ साली हे कुटुंब पॅरिसजवळच्या मो या गावी गेले आणि तेथील शाळेत आंरीचे शिक्षण झाले. गणित व विज्ञान यांतील त्यांची गती पाहून एका शिक्षकाने त्यांना विनामूल्य जादा शिकविले. तथापि विद्यापीठाचे दार उघडणारी परीक्षा न देताच त्यांना शाळा सोडावी लागली. काही काळ त्यांनी घड्याळजीकडे उमेदवारी केली. पुढे आयुष्यभर अतिसूक्ष्म सांधे जुळविण्यात ज्यांचा हात कधी चुकला नाही, त्या माणसाची पहिली शाळा ही अशी घड्याळाच्या चाकांची होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८७० च्या फ्रान्स–प्रशिया युद्धाने ही उमेदवारीही संपविली. सैन्यातील अल्प सेवेनंतर ते पॅरिसमध्ये एका औषधविक्रेत्याकडे कामाला लागले. आर्सेनिक घेतलेल्या एका माणसाचे प्राण त्यांनी त्या दुकानात वाचविल्याची हकीकत त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. १८७२ पासून ते पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील एदमों फ्रेमी यांच्या प्रयोगशाळेत शिकू लागले. पुढे त्याच संस्थेत देएराँ यांच्या हाताखाली वनस्पतींच्या श्वसनाविषयी त्यांनी काम केले आणि १८७४ साली त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. राहून गेलेली शालान्त पदवी त्यांनी याच सुमारास मिळविली. त्यानंतर ते वनस्पतींकडून खनिज रसायनाकडे वळले.

या तरुणपणीच्या काळातील एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. म्वासाँ यांना रंगभूमीची विलक्षण ओढ होती. त्यांनी एक नाटक लिहिले, आणि पॅरिसच्या ओदेओं या प्रतिष्ठित नाट्यगृहात ते लागता लागता राहिले. ते लागले असते तर रसायनशास्त्राने एक कुशल हात गमावला असता. ही ओढ पुढेही सुटली नाही. प्रयोगासहित व्याख्यान देण्याची त्यांची हातोटी पॅरिसमध्ये नावाजली गेली. चित्रांचा आणि हस्ताक्षरांचा संग्रह हाही त्यांचा आयुष्यभराचा छंद होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील कागदपत्रे त्यांनी विशेष आस्थेने जमविली होती. अस्सल हस्ताक्षर आणि नक्कल यांतील भेद पारखण्याची सवय असलेला हा संग्राहक होता, ही गोष्ट हिऱ्यांच्या प्रकरणापाशी पुन्हा आठवावी लागेल.

१८८२ साली मो येथील औषधविक्रेते ल्युगाँ यांची कन्या लेओनी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हे सासरे जावयाच्या संशोधनावर विश्वास ठेवणारे निघाले. त्यांच्या आर्थिक आधारामुळे पोटापाण्याच्या विवंचनेतून मुक्त होऊन म्वासाँ यांना दीर्घ आणि महागड्या प्रयोगांत पडता आले. १८८५ साली त्यांना लुई हा एकुलता एक मुलगा झाला. फ्ल्युओरीनचे प्रयोग तेव्हा ऐन भरात होते.

३

फ्ल्युओरीनचा शोध हा अज्ञात वस्तूचा शोध नव्हता. वस्तू आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण ती हाती येत नव्हती. फ्ल्युओरस्पार हे खनिज धातू वितळविताना टाकले की मळी पातळ होऊन वाहू लागते, ही गोष्ट जर्मन खाणकामगारांना ठाऊक होती आणि आग्रिकोला यांनी ती सोळाव्या शतकात नोंदविली. वाहणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच या खनिजाचे आणि पुढे मूलद्रव्याचे नाव पडले. आपल्याकडे गुजरातेतील आंबाडोंगर येथे व चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे हे खनिज सापडते. या खनिजावर गंधकाम्ल टाकले असता काच खाणारे एक अम्ल निघते, याचा अभ्यास शेले यांनी १७७१ साली केला. या हायड्रोफ्ल्युओरिक अम्लात क्लोरिनासारखेच एखादे मूलद्रव्य दडलेले असावे, अशी कल्पना अँपिअर यांनी १८१० च्या सुमारास हंफ्री डेव्ही यांना कळविली. पुढे अँपिअर यांनीच या मूलद्रव्याला विनाश या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दुसरे नाव सुचविले. ते रूढ झाले नाही. परंतु पुढील पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहता तेच अधिक अन्वर्थक होते, असे म्हणावे लागते.

विजेच्या साह्याने पोटॅशियम व सोडियम मोकळे करणाऱ्या डेव्हींना फ्ल्युओरिनाने केवळ दुखापत दिली. आयर्लंडमधील नॉक्स बंधूंनी फ्ल्युओरस्पारचेच पात्र कोरून प्रयोग केले. जे खनिज फ्ल्युओरिनाने आधीच तृप्त आहे त्याला तो आणखी काय खाणार, असा त्यामागचा अचूक विचार होता. परंतु दोघेही बंधू विषबाधेने अंथरुणाला खिळले आणि त्यांतील एकाला प्रकृती सुधारण्यासाठी तीन वर्षे नेपल्स येथे काढावी लागली. बेल्जियममधील लूये आणि नान्सी येथील निक्लेस हे तर या कामात प्राणांस मुकले. म्वासाँ यांचे गुरू फ्रेमी यांनी वितळलेल्या फ्ल्युओराइडांतून वीजप्रवाह नेला. धनाग्राशी काही वायू निघतो असे त्यांना दिसले, पण त्या प्रखर उष्णतेत तो प्लॅटिनमलाच खाऊन नाहीसा होई. इंग्लंडमध्ये गोर यांना १८६९ साली थोडासा वायू मिळाला असावा. परंतु तो हायड्रोजनाला भेटताच स्फोट झाला.

ही अडचण मुळात काय होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. सर्व मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ओढ फ्ल्युओरिनाची सर्वांत तीव्र आहे. त्यामुळे फ्ल्युओराइडातून त्याला हुसकून लावील असे दुसरे मूलद्रव्य असू शकत नाही. दुसरा कोणी त्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेऊ शकत नसेल, तर तो विजेनेच काढून घ्यावा लागतो. म्हणून विद्युत् विच्छेदन हाच मार्ग उरतो. पण त्या मार्गावरही दोन भिंती होत्या. अम्लात पाण्याचा अंश असला तर वीज आधी पाण्याचे विघटन करते आणि फ्ल्युओरिनाऐवजी ऑक्सिजन मिळतो. पाणी पूर्णपणे काढून टाकले तर उरलेले निर्जल हायड्रोजन फ्ल्युओराइड वीज वाहूनच नेत नाही. या दोन भिंतींतून वाट काढूनही वायू मिळालाच, तर तो ठेवायचा कशात? काच, लाकूड, रबर, मेण, बहुतेक धातू, इतकेच काय, खुद्द पाणीही त्याच्या भक्ष्यस्थानी पडते. म्हणून फ्ल्युओरिनाचा प्रश्न हा जितका वायूचा तितकाच पात्राचा प्रश्न होता.

४

म्वासाँ यांनी १८८४ साली हे काम हाती घेतले. सुरुवातीस त्यांनी फॉस्फरस व आर्सेनिक यांची फ्ल्युओराइडे घेतली. ज्या संयुगात बंध सैल असेल तेथून फ्ल्युओरीन सुटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. फॉस्फरसाच्या फ्ल्युओराइडातून विजेच्या ठिणग्या सोडून पाहिल्या, तप्त प्लॅटिनमवरून ते वायू नेऊन पाहिले. यश आले नाही. मग त्यांनी आर्सेनिक ट्रायफ्ल्युओराइडाचे विद्युत् विच्छेदन केले. देब्रे यांच्या कृपेने मोठी विद्युत् घटमाला त्यांना वापरावयास मिळाली होती. पण ऋणाग्रावर आर्सेनिकाचा थर साचून प्रवाह बंद पडे. शिवाय हे द्रव्य अत्यंत विषारी. एकूण चार वेळा प्रकृती ढासळल्यामुळे म्वासाँ यांना काम थांबवावे लागले, असे सांगितले जाते. अखेरीस ही वाट त्यांनी सोडून दिली.

या अपयशातून त्यांनी दोन गोष्टी मात्र उचलल्या. एक म्हणजे उष्णता वाढविण्याऐवजी थंडी वाढवावी. फ्रेमींच्या भट्टीत फ्ल्युओरीन पात्र खात होता, कारण तापमानाबरोबर त्याची भूक वाढत होती. थंडीत ती काहीशी मंदावेल. दुसरी म्हणजे वीज न वाहणाऱ्या द्रवात वीज वाहू देणारा क्षार थोडासा मिसळावा. निर्जल हायड्रोजन फ्ल्युओराइडात पोटॅशियम बायफ्ल्युओराइड विरघळविले की तो द्रव विजेचा वाहक होतो. पाणी तर त्यात नाहीच. अशा रीतीने दोन्ही भिंती एकदम ओलांडता येत होत्या.

पात्र त्यांनी प्लॅटिनमचे केले, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीचे. या आकारालाही अर्थ आहे. धनाग्र एका बाहूत, ऋणाग्र दुसऱ्या बाहूत, मधल्या वाकात द्रव. त्यामुळे एका बाजूचा फ्ल्युओरीन आणि दुसऱ्या बाजूचा हायड्रोजन यांची गाठ पडत नाही आणि गोर यांच्या प्रयोगात झाला तसा स्फोट टळतो. अग्रे प्लॅटिनम–इरिडियम या मिश्रधातूची होती. नळीची तोंडे बंद करण्यासाठी त्यांनी फ्ल्युओरस्पारची बुचे घासून काढली. नॉक्स बंधूंचा विचार अर्धशतकानंतर या बुचांत परत आला. हायड्रोजन फ्ल्युओराइड १९.५° से. तापमानालाच उकळते, म्हणजे बंगळूरसारख्या सौम्य हवेच्या शहरातही ते भर दुपारी द्रवरूपात राहणार नाही. म्हणून ही नळी मेथिल क्लोराइडाच्या थंड स्नानात शून्याखाली २३ अंश आणि त्याहूनही खाली उतरविण्यात आली.

२६ जून १८८६ रोजी या नळीत प्रवाह सोडला असता धनाग्राच्या बाजूने एक वायू येऊ लागला. त्यात स्फटिकरूप सिलिकॉन धरताच तो भडकून पेटला. सिलिकॉन थंड होता, बाहेरून ज्योत लावलेली नव्हती. वायूच्या नुसत्या स्पर्शाने त्याने पेट घेतला होता.

५

म्वासाँ त्या वेळी विज्ञान अकादमीचे सभासद नव्हते. म्हणून २८ जून १८८६ रोजी त्यांच्या वतीने देब्रे यांनी हे वृत्त अकादमीपुढे मांडले. या निवेदनाचा सूर लक्षणीय आहे. फ्ल्युओरीन मिळाला, असा जयघोष त्यात नाही. हा वायू म्हणजे हायड्रोजनाचे अधिक फ्ल्युओरीनयुक्त असे एखादे अज्ञात संयुग असेल, किंवा ओझोन मिसळलेले हायड्रोजन फ्ल्युओराइडही असेल. मात्र तो फ्ल्युओरीनच आहे हे अनुमान सर्वांत साधे होय, अशा सावध शब्दांत पर्याय मांडलेले आहेत. वीस–पंचवीस माणसांच्या आयुष्यांना पुरून उरलेला प्रश्न सुटला असताना स्वतःविरुद्धच्या शंका स्वतःच नोंदविणे, यात या माणसाची शास्त्रीय वृत्ती दिसते.

अकादमीने प्रत्यक्ष पाहणीसाठी बेर्तलो, देब्रे आणि फ्रेमी यांची समिती नेमली. परीक्षकांत स्वतःचे गुरू आणि आश्रयदाते असलेली ही सत्त्वपरीक्षा होती. समिती प्रयोगशाळेत आली, म्वासाँ यांनी प्रवाह सुरू केला, आणि काहीही घडले नाही. वायूचा बुडबुडाही निघाला नाही. खटपटी करून झाल्या. समिती रिकाम्या हाताने परत गेली.

कारण नंतर लक्षात आले. मान्यवर येणार म्हणून म्वासाँ यांनी हायड्रोजन फ्ल्युओराइड नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक शुद्ध केले होते. आधीच्या प्रयोगांत बायफ्ल्युओराइडाचा जो अंश द्रवात राहून जात होता, तो या वेळी उरलाच नव्हता. आणि निखळ शुद्ध द्रवातून वीज वाहत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोडा क्षार मिसळला, आणि समितीला फ्ल्युओरीन पाहावयास मिळाला. ज्या कणाने प्रयोग चालत होता तो अशुद्धी म्हणून बाहेर टाकला गेला होता. परीक्षेतील फजितीनेच या विद्युत् विच्छेदनाचे मर्म स्पष्ट झाले. परीक्षा पहिल्याच दिवशी उतरली असती, तर क्षाराचे नेमके कार्य इतक्या ठळकपणे कळले नसते.

तरीही शंका शिल्लक होती. या वायूत हायड्रोजन मुळीच नाही, हे दाखवावयाचे होते. त्यासाठी म्वासाँ यांनी हायड्रोजन फ्ल्युओराइडाची वाफ कोरड्या पोटॅशियम फ्ल्युओराइडाकडून शोषून घेतली आणि उरलेला वायू प्लॅटिनमच्या नळीत ठेवलेल्या तप्त लोखंडावरून नेला. लोखंडाने वायू गट्ट केला, हायड्रोजन मागे उरला नाही, आणि लोखंडाच्या वजनातील वाढ ऋणाग्राशी त्याच वेळी जमलेल्या हायड्रोजनाच्या मापाशी जुळली. तराजूने साक्ष दिली. आयुष्याचा मोठा भाग ज्या ध्येयामागे घालवूनही जे आपल्याला साधले नाही, ते शिष्याने साधलेले पाहून फ्रेमी यांनी अकादमीत मनमोकळा आनंद प्रकट केला. विद्येच्या इतिहासात असे प्रसंग दुर्मीळ असतात.

त्यानंतर सन्मानांची रीघ लागली. औषधनिर्माण महाविद्यालयात विषशास्त्राचे अध्यासन मिळाले. चार वेळा स्वतः विष पचविलेल्या माणसाला ते मिळावे हे उचितच झाले. १८९१ साली ते विज्ञान अकादमीचे सभासद झाले, आणि १९०० साली सॉर्बोनमध्ये प्राध्यापक. पात्राचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. प्लॅटिनम महाग होते आणि प्रत्येक प्रयोगात धनाग्र झिजत असे. १८९९ साली त्यांनी तांब्याचे पात्र वापरून दाखविले. फ्ल्युओरीन तांब्यालाही खातो, पण पृष्ठभागावर तयार झालेला कॉपर फ्ल्युओराइडाचा पातळ थर आतल्या तांब्याचे रक्षण करतो. पात्र थोडेसे जळते, आणि ते जळणेच त्याचे कवच होते. आजही पोलाद, निकेल वा मोनेल या धातूंच्या पात्रांत फ्ल्युओरीन साठविला जातो तो याच तत्त्वावर.

६

१८९२ साली म्वासाँ यांनी विजेची भट्टी सिद्ध केली. चुनखडीच्या दोन ठोकळ्यांत खोबण, तीत मूस, आणि दोन कार्बन कांड्यांमधील प्रखर विद्युत् ज्योत, इतकी ती साधी होती. पण तिचे तापमान सुमारे ३,५०० अंशांपर्यंत चढे. ज्या धातूंना तोवर कोणी शुद्ध रूपात पाहिले नव्हते ते या भट्टीत वितळले. धातूंच्या कार्बाइडांचा एक नवा प्रांतच तिने खुला केला. आपल्याकडे बाजारातील गाड्यांवर एके काळी जळणारे कार्बाइडचे दिवे आणि कच्चे आंबे पिकविण्यासाठी वापरली जाणारी, कायद्याने निषिद्ध ठरलेली पूड यांतील कॅल्शियम कार्बाइड हे अशाच विद्युत् भट्टीचे अपत्य होय.

याच भट्टीत हिऱ्यांचे प्रकरण घडले. कार्बन वितळलेल्या लोखंडात विरघळवून ती मूस एकदम थंड पाण्यात बुडवावयाची. बाहेरचे लोखंड आधी घट्ट होऊन आतल्या द्रवावर प्रचंड दाब येईल आणि त्या दाबाखाली कार्बन हिऱ्याच्या रूपात स्फटिक होईल, अशी कल्पना होती. लोखंड अम्लांत विरघळविल्यावर तळाशी जे सूक्ष्म कण उरले ते हिरेच आहेत, असे म्वासाँ यांनी १८९३ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. फ्ल्युओरीनच्या वेळी समितीपुढे नळी मुकी राहिली होती. या वेळी सारे जग दिपून गेले. पुढच्याच वर्षी एच. जी. वेल्स यांची हिरे बनविणाऱ्या माणसावरील कथा प्रसिद्ध झाली. या भारलेल्या वातावरणाचा फायदा घेऊन लमुआन नावाच्या एका भामट्याने आपण हिरे बनवितो असे भासवून डी बीअर्स कंपनीच्या सूत्रधाराला मोठ्या रकमेला गंडविले. त्या खटल्यावर मार्सेल प्रूस्त यांनी १९०८ साली फ्लोबेर, बाल्झाक इत्यादी लेखकांच्या शैलींच्या नकला लिहिल्या. नकली हिऱ्यांच्या विषयासाठी प्रूस्त यांनी नकलेचाच वाङ्मयप्रकार निवडावा, यातील औचित्य विलक्षण आहे.

म्वासाँ यांचे हिरे मात्र इतरांच्या हाती आले नाहीत. टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनी दीर्घकाळ असे प्रयोग करून पाहिले आणि अखेरीस प्रयोगशाळेत हिरा कोणालाच साधलेला नाही, अशा निष्कर्षाला ते आले. तेच ते प्रयोग करून कंटाळलेल्या एका साहाय्यकाने गुरूला समाधान वाटावे म्हणून अस्सल हिऱ्याचे कण मुशीत मिसळले, अशी हकीकत म्वासाँ यांच्या पश्चात प्रसृत झाली. तिचा खरेखोटेपणा काहीही असो. हिरा बनण्यास लागणारा दाब त्या मुशीत निर्माण होऊ शकत नव्हता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कृत्रिम हिरा निर्विवादपणे सिद्ध झाला तो १९५० नंतरच्या दशकात.

येथे म्वासाँ यांच्यावर लबाडीचा आरोप कोणीही केलेला नाही आणि तसा करण्यास आधारही नाही. त्यांनी कणांची घनता पाहिली, ते ऑक्सिजनात जाळून पाहिले. म्हणजे पुरावा शोधला. तरीही हस्ताक्षरांतील अस्सल व नक्कल ओळखणारी नजर येथे चुकली. फरक असा दिसतो की फ्ल्युओरीन मानावयास कोणी तयार नव्हते, हिरा मानावयास सारेच उत्सुक होते. पहिल्या कामात संशयाने त्यांना एकेक पर्याय खोडावयास लावले. दुसऱ्या कामात तो विरोधी पक्ष पुरेसा उरलाच नाही. शोधाला साक्षीदार जितका हवा असतो तितकाच, किंबहुना अधिक, प्रतिवादीही हवा असतो.

नियतीचा विनोद पुढेच आहे. हिऱ्यांच्या शोधात म्वासाँ यांनी अमेरिकेतील कॅन्यन दिआब्लो येथील अशनीचे तुकडे तपासले होते. १९०४ साली त्यांत त्यांना हिऱ्याऐवजी निसर्गनिर्मित सिलिकॉन कार्बाइड आढळले. १९०५ साली त्या खनिजाला त्यांचे नाव देण्यात आले, आणि आज मॉयसनाइट या नावाने सराफांच्या दुकानांत हिऱ्याला पर्याय म्हणून जो खडा मिळतो तो कृत्रिमरीत्या तयार केलेले तेच द्रव्य होय.

७

बंगळूरशी असलेला धागा येथे येतो. १८९४ साली रॅले आणि विल्यम रॅम्झी यांना हवेत आर्गॉन हा निष्क्रिय वायू सापडला. तो खरोखरच कशाशीही संयोग पावत नाही काय, हे तपासण्यासाठी रॅम्झी यांनी त्याचा नमुना म्वासाँ यांच्याकडे पाठविला. जगातील सर्वांत आक्रमक वायू त्या वेळी म्वासाँ यांच्याच हाती होता. १८९५ साली त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. आर्गॉन ढिम्म राहिला. पुढे १८९८ साली रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन हे वायू शोधले. हेच रॅम्झी १९०० साली जमशेटजी टाटांच्या नियोजित संस्थेविषयी सल्ला देण्यासाठी हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. ट्रॅव्हर्स १९०६ साली येथे येऊन संस्थेचे पहिले संचालक झाले. म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९११ साली पहिले विद्यार्थी आले तेव्हा रसायन आणि विद्युत् तंत्र हे विषय संस्थेच्या आरंभीच्या विभागांत होते. रसायन आणि वीज यांचा संयोग हेच म्वासाँ यांच्या दोन्ही मोठ्या कामांचे रहस्य होते. ट्रॅव्हर्स यांनी शोधलेल्या झेनॉनाने १९६२ साली फ्ल्युओरिनाशी संयोग पावून निष्क्रियतेचा दंडक मोडला, आणि आर्गॉनाचेही फ्ल्युओरीनयुक्त संयुग २००० साली फिनलंडमध्ये अतिशीत तापमानात सिद्ध झाले. म्वासाँ यांच्या प्रयोगाचे उत्तर असे एकशे पाच वर्षांनी बदलले.

१९०६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्ल्युओरीन आणि विद्युत् भट्टी या दोन्ही कामांसाठी म्वासाँ यांना मिळाले. हिऱ्यांचा उल्लेख त्या गौरवाच्या कारणांत नव्हता. निवड समितीचे बहुमत मूलद्रव्यांच्या कोष्टकाचे कर्ते मेंडेलेव्ह यांच्या बाजूने होते. स्वीडिश विज्ञान अकादमीने तो कौल फिरविला. एकाने साऱ्या मूलद्रव्यांची मांडणी केली, दुसऱ्याने त्यातील एक रिकामा हात प्रत्यक्षाने भरला. यांत अधिक पात्र कोण, हा वाद पुढे मिटण्याची संधी उरली नाही. २ फेब्रुवारी १९०७ रोजी मेंडेलेव्ह निवर्तले. स्टॉकहोमहून परतलेले म्वासाँ आंत्रपुच्छाच्या विकाराने २० फेब्रुवारी १९०७ रोजी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मरण पावले. एकाच महिन्यात दोघेही गेले.

त्यांचा मुलगा लुई पहिल्या महायुद्धाच्या अगदी आरंभी, १० ऑगस्ट १९१४ रोजी, रणांगणावर पडला. आपल्या मालमत्तेतून त्याने वडिलांच्या व आईच्या नावे दोन पारितोषिके औषधनिर्माण महाविद्यालयाला देऊन ठेवली होती. म्वासाँ यांचा वंश तेथे संपला.

८

फ्ल्युओरीन मात्र मोकाट राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमाचे हेक्झाफ्ल्युओराइड करण्यासाठी त्याचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. अणुबाँबची वाट या वायूतून गेली. म्वासाँ आणि लबो यांनी शोधलेले सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड आज विद्युत् उपकेंद्रांतील स्विचगिअरमध्ये निरोधक म्हणून भरलेले असते. १९९७ च्या क्योटो करारात वातावरण तापविणाऱ्या वायूंच्या यादीत त्याचाही समावेश झाला. उत्पादनाची पद्धत मात्र तत्त्वतः तीच आहे. पोटॅशियम फ्ल्युओराइड आणि हायड्रोजन फ्ल्युओराइड यांचे मिश्रण सुमारे ९० अंशांवर वितळवून कार्बनच्या धनाग्राने त्याचे विद्युत् विच्छेदन केले जाते. यू आकाराची नळी गेली. क्षार, निर्जल अम्ल आणि वीज ही त्रयी टिकली.

विजेवाचून केवळ रासायनिक क्रियेने फ्ल्युओरीन मोकळा करणे कार्ल क्रिस्ते यांना साधले ते १९८६ साली, म्हणजे म्वासाँ यांच्या प्रयोगाला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. निसर्गात मुक्त फ्ल्युओरीन नाहीच, हे पाठ्यपुस्तकांतील विधानही २०१२ साली दुरुस्त करावे लागले. बव्हेरियातील फोडताच दुर्गंध सोडणाऱ्या एका फ्ल्युओरस्पारच्या जातीत तो सूक्ष्म पोकळ्यांत कोंडलेला असल्याचे म्यूनिकच्या संशोधकांनी सिद्ध केले. खनिजातील किरणोत्सर्गामुळे तो तेथे सुटतो, आणि फ्ल्युओरस्पारचे पात्र त्याला जपते. नॉक्स बंधूंना जे पात्र हवे होते ते निसर्गाने आधीच घडवून ठेवले होते.

मराठीत पात्र या शब्दाला भांडे, नाटकातील व्यक्ती आणि लायक असे तिन्ही अर्थ आहेत. म्वासाँ यांना नाटकातील पात्रे साधली नाहीत, आणि कोणत्याही भांड्यात न मावणाऱ्या वायूसाठी त्यांनी भांडे घडविले. त्यांच्या पात्रतेची खरी कसोटी मात्र स्टॉकहोमला लागली नाही. ती लागली १८८६ च्या उन्हाळ्यात, परीक्षक परत गेल्यानंतरच्या त्या रात्री, जेव्हा त्यांना आपले यश भ्रम होते की आपले अपयश अपघात होते, हे एकट्याने ठरवावयाचे होते. त्यांनी चमत्काराची वाट पाहिली नाही. द्रवात काय कमी पडले ते शोधले, चिमूटभर क्षार घातला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवाह सुरू केला.